सतरा मुलांची शाळा, बारांचा पट

सिंधुदुर्गातल्या देवगड-मालवण पट्ट्यात खाडीच्या काठाला एक वाडी आहे. वर सडा, म्हणजे उघडं पठार, त्यावर डांबरी रस्ता आणि केंद्रशाळा, म्हणजे आसपासच्या शाळांतली मुख्य शाळा. खाली बागा, घरं, होड्या आणि जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. २०२३-२४ साली या खालच्या शाळेत पहिली ते सातवी मिळून १७ मुलं शिकत होती. कागदावर मात्र ती १२ होती. पाच मुलांचा हा फरक, एका शिक्षकाची बदली आणि पावसात बुडणारा एक साकव (ओढ्यावरचा छोटा लाकडी पूल), एवढ्यातून उभं राहिलेलं प्रकरण इथे मांडतो. मी त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत शिक्षणतज्ज्ञ सदस्य होतो आणि नोकरीची बरीच वर्षं अशाच शाळांत काढलेली आहेत, त्यामुळे मी तटस्थ नाही. गावाचं किंवा कुणा माणसाचं नाव घेत नाही. किनाऱ्यावरच्या कित्येक वाड्यांत हेच थोड्याफार फरकाने चालू आहे.

आधी ही १७ मुलं कोण होती ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सात मुलं मासेमारी करणाऱ्या घरांतली. पाच मुलं मजुरी आणि थोडी बागायत करणाऱ्यांची. उरलेली पाच आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांतली. वाडीत मुलं एवढीच होती असं नाही. ज्यांना परवडतं त्यांची मुलं सकाळी व्हॅनमध्ये बसून तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. दोन घरांतल्या आया तर मुलांच्या शाळेसाठी तालुक्याला खोली घेऊन राहतात, वडील वाडीत किंवा मुंबईला. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत उरली ती दुसरा पर्याय नसलेली मुलं. शाळा ठेवायची की मिटवायची हा प्रश्न त्यामुळे साऱ्या गावाचा वाटला तरी त्याची झळ १७ मुलांच्या घरांनाच बसणार होती, आणि त्या घरांना सभेत बोलायची सवय नव्हती.

पट कमी होण्याला शाळेचा दोष नाही, किंवा सगळा दोष शाळेचा नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. रत्नागिरीचंही तसंच, १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९. महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे घटत होते. तरुण मुंबईला, ठाण्याला, गोव्याला जातात, मुलं तिकडेच जन्मतात आणि तिकडेच शाळेत जातात. गणपतीला आणि मे महिन्यात वाडी भरते तेव्हा अंगणात पोरंच पोरं दिसतात. जूनच्या पंधरवड्यात शाळा उघडते तोवर ती परत गेलेली असतात.

आता शिक्षक. या शाळेत दोघे होते. त्यातले एक घाटावरचे, बरीच वर्षं इथे काढलेले, मन लावून शिकवणारे. २०२३ मध्ये आंतरजिल्हा बदल्या झाल्या तेव्हा त्यांना स्वतःचा जिल्हा मिळाला. म्हातारे आईवडील तिकडे होते, गेले त्यात त्यांचं काही चुकलं नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून तेव्हा असे शेकड्यांनी शिक्षक गेले आणि त्या जागा भरायला माणसं नव्हती. कित्येक शाळा शून्य शिक्षकी झाल्या. म्हणून ज्या शाळेत एक शिक्षक उरला होता त्यालाही आठवड्यातले काही दिवस शेजारच्या शाळेत कामगिरीवर, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवर, पाठवायला लागले. आमच्या शाळेतल्या बाई सोमवार, मंगळवार, बुधवार इथे आणि पुढचे तीन दिवस खाडीपलीकडच्या शाळेत. त्या तीन दिवसांत सतरा मुलांकडे खिचडी शिजवणाऱ्या काकू बघायच्या. फळ्यावरचं लिहून घ्या, म्हणायच्या. काकूंनी जे केलं त्याबद्दल वाडीने त्यांचे आभार मानावेत, पण ती शाळा नव्हती.

दिवाळीनंतर आम्ही मुलांचं साधं वाचन घेतलं. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, अशी पायरीपायरीने. तिसरीच्या वरच्या मुलांपैकी चौघांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला नाही, आणि त्यातला एक मुलगा सहावीत होता. समितीतल्या एका वडिलांनी आपल्याच मुलाला अडताना पाहिलं. ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतरच्या प्रत्येक सभेला आले.

हे सगळं त्या जिल्ह्यात घडत होतं ज्याच्या निकालाचं दरवर्षी कौतुक होतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून झालेल्या कोकण विभागीय मंडळाचा दहावीचा निकाल राज्यात सतत पहिला असतो. २०२४ मध्ये तो ९९.०१ टक्के होता. त्या निकालामागे मुलांची आणि शिक्षकांची खरी मेहनत आहे, मी ती जवळून पाहिली आहे. पण दहावीचा आकडा दहावीच्या बाकापर्यंत पोचलेल्यांचा असतो. दुसरी-तिसरीत ज्याचं वाचन राहून गेलं त्याच्याबद्दल तो काही सांगत नाही. आणि ‘कोकणात शिक्षणाचं उत्तम चाललंय’ या समजामुळे अशा वाडीची तक्रार वर पोचेपर्यंत पातळ होते.

पट कसा घटतो

शाळेत किती शिक्षक द्यायचे हे संचमान्यतेत ठरतं आणि त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. ही तारीख राज्यातल्या बहुतेक शाळांना सोयीची असेल. आंब्याच्या पट्ट्यात ती चुकीची पडते. नेपाळी राखणदारांची कुटुंबं हंगाम संपला की पावसाच्या तोंडावर गावी जातात आणि तिकडचा दशैंचा सण करून, म्हणजे आपल्या दसऱ्याच्या पुढेमागे, परततात. पुढे मोहोर येतो, फवारण्या सुरू होतात, राखण लागते. नोव्हेंबर ते मे ही मुलं आमच्या वर्गात असतात. ३० सप्टेंबरला ती तिथे नसतात.

त्या वर्षी पाचपैकी चार मुलं त्या दिवशी गावी होती. पाचवी मुलगी इथेच होती, तिचं कुटुंब बारा महिने बागेत राहतं. पण २०२२-२३ पासून संचमान्यतेला आधार जुळलेली मुलंच धरायला लागले, आणि तिच्या आईवडिलांचे कागद काही केल्या जुळेनात. मुलगी रोज पहिल्या रांगेत बसते, हजेरीपटावर तिचं नाव आहे, खिचडी खाते, कविता तिला इतर कुणापेक्षा जास्त पाठ आहेत. मोजणीत ती नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. तो सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला हक्क देतो. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही अडवता येत नाही. प्रवेश द्यायला कायदा इतका उदार आहे. पण प्रवेश दिल्यावर त्या मुलाला शिकवायला माणूस हवा की नको, हे जिथे ठरतं तिथे त्याच मुलाला वगळलं जातं. या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक मला इथे दिसते. ती कुणा एका अधिकाऱ्याची नाही. दोन चांगल्या हेतूंचे नियम एकमेकांकडे न बघता केले गेले.

परिणाम असा की पहिली ते चौथीची १० मुलं कागदावर सात झाली. कमी पटाच्या शाळांच्या याद्या महाराष्ट्रात नव्या नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करायचं ठरलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारायचं धोरण आलं, त्यात राज्यातल्या अशा शाळांचा आकडा १४,७८३ होता आणि त्यांत शिकणारी मुलं सुमारे १ लाख ८५ हजार. वाडीच्या शाळेचं नाव यादीत येणार हे उघड होतं, आणि आलं. वरच्या केंद्रशाळेत समायोजन का करू नये, म्हणजे मुलं तिकडे सामावून का घेऊ नयेत, अशी विचारणा समितीकडे आली.

साकवावरची पाहणी

विचारणेसोबत अंतर दिलं होतं दीड किलोमीटर. नकाशावर तेवढंच आहे. नकाशाला व्हाळ, म्हणजे ओढा, दिसत नाही. वाडीतून पाणंदीने निघायचं, साकवावरून व्हाळ ओलांडायचा आणि मग घाटी चढून सड्यावर. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. जोराचा पाऊस आणि भरती एकदम आली की साकवावरून पाणी जातं. मग उरतो डांबरी रस्ता, तो वळसा घेऊन पाच किलोमीटर होतो. एस.टी. सड्यावरून जाते, खाली येतच नाही. पाचवीपासूनच्या मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे, पण बसपर्यंत पोचायला त्याच घाटीने चढावं लागतं.

समितीने ठराव केला तो विरोधाचा नव्हता. ‘विस्तार अधिकाऱ्यांनी जुलैत मुलांबरोबर चालून पाहावं आणि मग निर्णय घ्यावा’ एवढाच ठराव केला. हे सुचवलं समितीतल्या एका आईने. ती मासळी विकायला पहाटे त्याच वाटेने जाते. अधिकारी आले, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पुढच्या पावसात, छत्री घेऊन, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून आले. मोठ्या माणसाला जी चढण अर्ध्या तासाची, ती पहिलीतल्या मुलीला तासाभराची झाली. साकवापाशी पाणी लाकडाला लागलेलं होतं. त्या आईने विचारलं, “सायबांनू, ह्या पाण्यातसून तुमी तुमच्या झिलाक धाडतलात काय?” ते म्हणाले, “नाही धाडणार, ताई.” अहवालात त्यांनी वाटेचं वर्णन जसंच्या तसं लिहिलं.

नियमही वाडीच्या बाजूने होता, फक्त तो कुणी वाचला नव्हता. पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत शाळा, हे बहुतेकांना माहीत असतं. केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांत आणखी एक गोष्ट आहे: पूर, दरडी, रस्त्याचा अभाव असा धोका लहान मुलांच्या वाटेवर असेल तर हे अंतर कमी करून शाळेची जागा ठरवावी. जिथे शाळा देणं शक्यच नाही तिथे मोफत वाहतुकीची सोय करावी. आम्ही ठरावाला हे जोडलं.

वरच्या शाळेचं म्हणणं

इथवर वाचून वाटेल की शाळा वाचवणं एवढाच मुद्दा होता. मला तसं वाटत नाही, आणि वाडीतल्या काही पालकांनाही वाटत नव्हतं. वरच्या केंद्रशाळेत पटांगण आहे, विज्ञान-गणिताच्या पदवीधर शिक्षिका आहेत, वाचनाच्या पेट्या आहेत, चालणारे संगणक आहेत. खालच्या शाळेत सातवीत एकच मुलगी होती. तिला वर्गात वाद घालायला कुणी नाही, गणित अडलं तर विचारायला मैत्रीण नाही. सहावीत तिघं. कबड्डीचा एक संघ होत नाही. सहावी ते आठवीला भाषा, गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्र यांना वेगळे शिक्षक हवेत असं कायदा सांगतो, ते दोन खोल्यांच्या शाळेत कधीच होणार नव्हतं. या मोठ्या मुलांना ‘आपली शाळा’ म्हणून खालीच धरून ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय होता. बाराव्या वर्षी मुलाला वाट चढता येते. त्याला चांगला शिक्षक आणि वर्गभर सोबती मिळायला हवेत.

लहानांचं उलट आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला विज्ञानाची प्रयोगशाळा लागत नाही. त्याला रोज त्याच जागी, त्याच बाईंनी, त्याच्या बोलीत बोलून वाचायला शिकवायला हवं. पावसाळ्यात तो महिन्यातले आठ-दहा दिवस घरी राहिला तर पहिलीचं वर्ष हातचं गेलं.

म्हणून समितीत बरीच चर्चा होऊन ठरलं ते असं: पाचवी, सहावी, सातवीची सात मुलं वर जातील, पहिली ते चौथीची दहा खाली राहतील. पाचवीबद्दल मतभेद झाले. कायद्याने पाचवी प्राथमिकमध्ये येते आणि तिला एक किलोमीटरचा नियम लागतो. पण पाचवीत तीन मुलं होती आणि तिन्ही पालकांनी वर पाठवायचं म्हटलं. एक अट मात्र सगळ्यांनी धरली: गाडी आधी, समायोजन नंतर. ही अट हट्टाची नव्हती. २०२१-२२ मध्ये एस.टी.चा संप कित्येक महिने चालला तेव्हा याच भागातली हायस्कूलची मुलं रोज किती चालली आणि किती घरी बसली, ते वाडी विसरलेली नव्हती.

गाडीचा हिशेब

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वाहतूक भत्ता मिळतो, मुलामागे वर्षाला कमाल ६,००० रुपये. सात मुलांचे मिळून ४२,००० होतात. गावातला एक सहा आसनी रिक्षावाला डांबरी रस्त्याने दोन वेळा न्यायला-आणायला तयार झाला, दहा महिन्यांना महिना ४,२०० रुपयांत. हिशेब कागदावर जुळला. पण भत्ता पालकांच्या खात्यात येतो तो उशिरा, कधी वर्ष संपताना. रिक्षावाल्याला डिझेल रोज घालावं लागतं. दुसऱ्याच महिन्यात गाडी थांबायची वेळ आली.

इथे मुंबईचं मंडळ कामी आलं. वाडीच्या चाकरमान्यांचं मंडळ देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी गोळा करतं, त्यांनी त्यातून वर्षभराची रक्कम शाळेच्या समितीकडे उसनी ठेवली. समिती महिन्याच्या महिन्याला रिक्षावाल्याला देते, भत्ता आला की पालक समितीत भरतात आणि पैसे मंडळाकडे परत जातात. देणगी घेतली नाही, उसनवार घेतली, हे मुद्दाम केलं. देणगी एकदा संपते आणि पुढच्या वर्षी कुणाच्या लक्षात राहत नाही. उसने पैसे परत करायचे म्हटले की भत्ता कुठे अडला याचा पाठपुरावा आपोआप होतो. पंचायत समितीत जाऊन विचारणाऱ्या आया आता कागदाचा क्रमांक तोंडपाठ सांगतात.

खालची शाळा

दहा मुलांची शाळा ठेवायची म्हणजे भिंती ठेवायच्या नव्हत्या. बाईंची कामगिरी रद्द झाली ती पाहणीच्या अहवालानंतर. कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत प्राथमिकला दोन शिक्षक हवेत. दुसरी जागा २०,००० रुपये मानधनावर एका निवृत्त गुरुजींनी घेतली. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने निवृत्तांना असं घेता येत होतं. वाडीतच डी.एड. झालेली एक मुलगी होती, तिला ही संधी आधी मिळायला हवी होती असं माझं मत आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतले डी.एड.धारक स्थानिकांना प्राधान्य मागतात ते नुसतं नोकरीसाठी नाही. इथला उमेदवार इथून बदली मागत नाही.

शिकवण्याची पद्धत बदलली. एक बाई आणि चार इयत्ता असल्या की पहिलीला शिकवताना उरलेल्या तीन इयत्ता ‘लिहून काढा’मध्ये जातात. बाई आणि गुरुजींनी सकाळचे दोन तास इयत्ता बाजूला ठेवल्या. कोण कुठल्या पायरीवर वाचतो त्यावरून गट केले. तिसरीतला मुलगा अक्षरांच्या गटात, पहिलीतली मुलगी शब्दांच्या गटात, कुणाला कमीपणा नाही. नेपाळी मुलांना देवनागरी घरूनच ओळखीची होती, हे आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांना मराठी शब्द अडायचे, अक्षरं नाही. त्यांना अक्षरगटातून काढून चित्रांवर बोलायला लावलं आणि ती चार महिन्यांत गोष्ट वाचायला लागली. मालवणीत सांगितलेली गोष्ट मुलं आधी मालवणीत परत सांगतात, मग प्रमाण मराठीत लिहितात.

शनिवारी खालची दहा मुलं वर जातात, किंवा वरची खाली येतात. खेळ, गाणी, ग्रंथालय एकत्र. उन्हाळ्यात आणि थंडीत हे छान चालतं. पावसात बंदच पडतं, कारण वाट तीच.

वर गेलेल्या सातांपैकी सहा टिकली. सहावीतला तो अडणारा मुलगा पहिल्या सत्रात फार चुकार झाला, मोठ्या वर्गात त्याला लाज वाटायची. तिथल्या शिक्षिकेने त्याला सकाळी अर्धा तास आधी बोलावून वेगळं वाचायला बसवलं तेव्हा तो रुळला. सातवा मुलगा गाडी सोडून इंग्रजी माध्यमाकडे गेला. खालच्या दहांतूनही एक मुलगी गेली. तिच्या आईला मी समजावायला गेलो नाही. तिला जे हवं होतं ते आम्ही अजून देऊ शकत नव्हतो.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि लहान शाळांवरचं दडपण वाढलं. मानधनावरचे गुरुजी किती दिवस राहतील ते दरवर्षी नव्याने ठरतं. साकव उंच करण्याचा प्रस्ताव जिल्हा नियोजनाच्या निधीतून मागितलेला आहे, मोजमापं घेऊन गेले आहेत, काम सुरू झालेलं नाही. पटाच्या तारखेबद्दल समितीने लिहिलं आहे की हंगामी स्थलांतर असलेल्या गावांत ३० सप्टेंबरच्या जोडीने जानेवारीतही मोजणी घ्यावी आणि हजेरीपटावरची मुलं धरावीत. त्याला उत्तर आलेलं नाही. तोवर समिती दर महिन्याच्या शेवटच्या सभेत प्रत्यक्ष हजर मुलांची संख्या प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, लिहून सगळ्यांच्या सह्या घेते. त्या सह्यांत आता एका नेपाळी वडिलांचीही सही असते. समितीत तीनचतुर्थांश पालक असायला हवेत, त्यातल्या एका जागेवर त्यांना घेतलं. येत्या सभेपुढे दोन विषय आहेत: रिक्षावाल्याने मागितलेली भाडेवाढ, आणि त्या पहिल्या रांगेतल्या मुलीच्या आधारसाठी तिच्या वडिलांबरोबर तालुक्याला कुणी जायचं.